अठरा मिनिटांची खुर्ची

गुण्याला वाईट खुर्ची करता येत नव्हती, आणि त्यापायी त्याचा धंदा बुडायची वेळ आली होती. ऐकायला उफराटं वाटतं, पण झालं ते असंच.

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. काटकोन तपासायचं जे पोलादी हत्यार असतं त्याला सुतार गुण्या म्हणतात, आणि ते याच्या मागच्या खिशात कायम. लग्नाच्या फोटोतही ते डोकावतंय असं त्याचा मेहुणा सांगतो. मेहुण्याचं बोलणं निम्म्याने घ्यायचं असतं, पण हे खरं असावं. वय अठ्ठावन्न, हात खरखरीत, बोलणं मोजकं. दारं, टेबलं, कपाटं सगळंच तो करायचा, पण जीव ओतून करायचा त्या खुर्च्या.

आणि खुर्च्या तरी कशा! दातांच्या डॉक्टरकडे त्याने बाहेरच्या खोलीत बाकं करून दिली, तर नंबर आला तरी पेशंट उठेनात. डॉक्टरला आधी वाटलं, घाबरतात बिचारे. मग त्याच्या लक्षात आलं की निम्मे झोपलेत. एका वकिलाकडे घराच्या वाटणीवरून भांडायला दोन भाऊ आले, गुण्याच्या खुर्च्यांवर बसले आणि तासाभराने दोघांनी मिळून चहा मागवला. वकिलाचं त्यात काय नुकसान झालं ते वकिलालाच ठाऊक.

यामागे जादूबिदू काही नव्हती, बायको होती. त्याची कामाची शेड घराला लागूनच. नवी खुर्ची उभी राहिली की गुण्या हाक मारायचा, "अगं, जरा ये." ती हातातलं काम घेऊन यायची, मटार सोलायचे असतील नाहीतर शर्टाला बटणं लावायची असतील, आणि त्या खुर्चीत बसून ते करायची. काही चुकलं असेल तर ती बसल्या बसल्या किंचित सरकायची, आणि कुठे घासायचं ते याला बरोबर समजायचं. तासाने हा विचारायचा, "कशी आहे?" ती म्हणायची, "बरी आहे." झालं. एकतीस वर्षांत 'छान' म्हणून तिच्या तोंडून निघालं नाही. 'बरी आहे' म्हटलं की खुर्ची गिऱ्हाइकाकडे रवाना.

पण हल्ली खुर्च्या करून घेतो कोण? लोक फोनवर चित्र बघतात आणि चार स्क्रूंची खुर्ची खोक्यातून मागवतात. वर्षभरात शेडमध्ये काम असं आलंच नाही. मेहुण्याचा तयार कपाटांचा कारखाना होता, तो दर आठवड्याला येऊन बसायचा. "दाजी, महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. मशीनवर माणूस हवाय. कळ दाबायची, फळी कापून बाहेर. डोकं नको, हात नको." माणूस वाईट नव्हता, मनापासूनच बोलायचा. पण 'हात नको' हे ऐकलं की गुण्या आपल्या हातांकडे बघत राहायचा. बायकोला तो सरळ म्हणाला होता, "तिथे गेलो ना, तर मी संपलो समज." ती म्हणाली, "अजून महिना आहे."

अशात एक दिवस शेडच्या दारात मॅडम आल्या. तिशी-पस्तिशीच्या, पायात पळायचे बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. हॉटेलांची आतली रचना ठरवणं हा त्यांचा व्यवसाय. दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी बाक पाहिलं होतं.

"काका, चौसष्ट खुर्च्या हव्यात," त्या म्हणाल्या. गुण्याचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "पण एक अट आहे. त्या वाईट हव्यात."

"वाईट म्हणजे? डुगडुगणाऱ्या?"

"छे, छे. मजबूत हव्यात, देखण्या हव्यात. फक्त त्यांच्यावर अठरा मिनिटांहून जास्त कुणी बसता कामा नये."

गुण्याला वाटलं बाई चेष्टा करतेय. तेव्हा त्या त्याला गाडीत घालून थेट जागेवर घेऊन गेल्या.

ऑफिसांच्या रस्त्यावर, काचेच्या दर्शनी भागाचं ते एशियन हॉटेल. आपलं आपण घ्यायचं आणि आपलं आपण उचलायचं. आत शिरताच डावीकडे ट्रेची चळत, पुढे स्टीलच्या पट्ट्या, त्यावरून ट्रे सरकवत जायचं. आधी भात, मग नूडल, त्यावरच्या भाज्या, आणि सूप सगळ्यात शेवटी. "पूर्वी सूप पहिलं होतं," मॅडम सांगत होत्या. "लोक ते सांडत सांडत पुढे जायचे, आणि एक माणूस दिवसभर नुसती फरशी पुसायचा." चमचे आणि नूडल खायच्या काड्या रांगेतून काढून त्यांनी पार पलीकडच्या खांबाशी नेल्या होत्या, म्हणजे चमचा निवडत कुणी रांग अडवायला नको. कागदी लाल दिवे फक्त जेवण वाढायच्या बाजूला. टेबलांवर पांढरा उजेड, कारण लाल उजेडात माणूस रेंगाळतो. भिंतीला बांबूच्या पट्ट्या. उष्टे ट्रे ठेवायची मांडणी बाहेरच्या दाराला चिकटून, की ट्रे ठेवला की समोर रस्ताच.

एवढं सगळं करून घोडं अडलं होतं खुर्च्यांवर. जेवणाची सुट्टी झाली होती. भरले ट्रे हातात घेऊन दहा-बारा माणसं टेबलांमधून जागा शोधत फिरत होती, त्यांचं सूप निवत होतं, आणि गादीच्या खुर्च्यांवर बसलेले लोक रिकाम्या वाडग्यांसमोर गप्पा छाटत होते. मालक गल्ल्यामागून मान उंच करून त्यांच्याकडे असा बघत होता, की बघणं पुरेसं असतं तर हॉटेल कधीच रिकामं झालं असतं.

"वाडगाभर नूडल खायला बारा मिनिटं लागतात, मी मोजलंय," मॅडम म्हणाल्या. "तोंड पुसणं, फोन बघणं धरून अठरा. हे लोक चाळीस चाळीस मिनिटं बसतात."

"मऊ लागलं की माणूस कोपराने खणतोच," गुण्या म्हणाला. "पण मग बाजारातल्या प्लास्टिकच्या घ्या ना. त्या वाईटच असतात."

"त्या दिसतातही वाईट. माणूस दारातूनच परत जातो. मला अशी हवी की बघून आपणहून बसेल आणि अठरा मिनिटांनी आपणहून उठेल. आपल्याला उठवलं हे त्याला समजता कामा नये."

 ज्याने जन्मभर माणसांना बसवलं त्याला उठवायचं काम आलं. पण चौसष्ट खुर्च्या म्हणजे शेडचा निदान वर्षभराचा खर्च निघणार होता, आणि मालकाची आणखी दोन हॉटेलं व्हायची होती. गुण्या हो म्हणाला. ठरलं ते असं: आधी आठ नमुने करायचे, बुधवारी जेवणाच्या वेळी मांडायचे, मॅडम घड्याळ लावून बसणार. जमलं तर काम पक्कं.

मॅडमनी आकडे दिले होते. बैठक सपाट, नेहमीपेक्षा दोन बोटं उंच, पाठ आखूड. गुण्याने आकड्याबरहुकूम आठ खुर्च्या केल्या, गुण्या लावून काटकोन तपासले, सुरेख पॉलिश केलं. बुधवारी त्या बांबूच्या भिंतीशी मांडल्या आणि तो स्वतः उष्ट्या ट्रेंच्या मांडणीशी उभा राहिला, जसा काही कुणाची वाट बघतोय.

पहिला माणूस चौतीस मिनिटांनी उठला. दुसरी एक बाई एकेचाळीस मिनिटांनी, तीही फोन आला म्हणून. तिसऱ्याने बांबूला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मालकाने कपाळाला हात लावला.

मॅडमनी एक रिकामी खुर्ची उलटी केली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, ही पुढची कड गोल कुणी केली?"

गुण्याने हात फिरवून पाहिलं. कड खरंच गोल होती. बैठकीला मध्ये कागदभर खोलगट उतारही होता. "मी नाही केलं," तो म्हणाला, आणि ते त्याला अगदी खरं वाटत होतं. सगळं आकड्याप्रमाणे कापून झाल्यावर शेवटचा हात फिरवताना बोटांनी आपलं काम उरकून घेतलं होतं. चाळीस वर्षं प्रत्येक खुर्चीची कड त्यांनी मारली होती, ती बोटं आता काय विचारायला येणार? जित्याची खोड.

मालक म्हणाला, "पुढचा बुधवार. तेव्हाही जमलं नाही तर मी प्लास्टिकच्या आणतो, दिसू देत कशा दिसायच्या त्या." महिना संपायला तेव्हा नऊ दिवस होते.

गुण्या चिडून कामाला लागला. कड धारदार ठेवली, बैठक पुढे उतरती केली, पाठ आणखी आखूड. खुर्ची झाली की बायकोला हाक. ती भाजी निवडत बसायची. तासाने हा विचारायचा, "कशी आहे?"

"बरी आहे."

दुसरी केली. "बरी आहे." तिसरी केली, मुद्दाम पाठ सरळसोट ठेवली. ती बसली, बटण लावलं, दुसरं लावलं, दोरा तोडला. "बरी आहे."

"अगं, बरी कशी असेल!" गुण्या ओरडला. "मी मरमर मरतोय ती वाईट व्हावी म्हणून! तुला काही टोचतच नाही का?"

असा तो तिच्यावर कधी ओरडत नसे. तिने शर्टाची घडी केली, सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि ती उठली.

"टोचणारीच हवी आहे ना?" ती म्हणाली. "मग स्वयंपाकघरातली मोजा."

"कुठली?"

"माझी."

गुण्या शेडमधून घरात गेला. ओट्याशेजारी, खिडकीखाली ती खुर्ची होती. तशी ती रोजच तिथे होती. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या महिन्यात, उरलेल्या तुकड्यांतून त्याने ती घाईने ठोकली होती. फरशी उंचसखल म्हणून पुढचे पाय कापले, जरा जास्तच कापले गेले. "सध्या चालव, नवी करतो," असं तो तेव्हा म्हणाला होता. मग गिऱ्हाइकांची कामं आली, आणि येतच राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

त्याने टेप काढला. बैठक पुढे चार सूत उतरलेली, म्हणजे चांगला अर्धा इंच. कड कच्ची, करवतीने सोडली तशीच. पाठीची आडवी पट्टी नेमकी खांद्याच्या हाडाखाली. बैठक इतकी आखूड की मांड्या निम्म्या अधांतरी. तो त्यावर बसला. हातात काही हवं म्हणून कालचं वर्तमानपत्र घेतलं. दहा मिनिटं काही वाटलं नाही. बाराव्या मिनिटाला त्याने पाय बदलला. पंधराव्याला पाठ सोडली. सतराव्या मिनिटाला तो उभा होता, आणि आपण कधी उठलो हे त्याचं त्यालाच समजलं नव्हतं.

त्याला लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या आधी आनंद झाला, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. माप सापडलं होतं! तो कागदावर आकडे लिहून घेत होता तेव्हा बायको भाजीची परात घेऊन दारात उभी होती.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "मला बसायचंय."

"एवढं टोचतं, तर बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते की. सुरुवातीला दोन-तीनदा." ती बसली आणि भाजी निवडू लागली.

"हे काम उरकलं की पहिली तुझी करतो."

"आधी लोकांची करा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याने आठ खुर्च्या केल्या, चांगल्या लाकडाच्या, हुबेहूब त्या मापाच्या. या खेपेला बोटांवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून शेवटचा सांधा बसला की कानस आणि पॉलिश पेपर तो बायकोच्या स्वाधीन करायचा आणि ती ते तांदळाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावायची. एकदा तो "जरा पाणी पितो" म्हणून डब्याकडे गेला होता. तिने नुसतं बघितलं, तो पाणी पिऊन परत आला. खुर्च्यांना पॉलिश तिनेच केलं, कडेला हात न लावता.

बुधवारी सतरा मिनिटं, एकोणीस, अठरा, सोळा, अठरा. माणसं यायची, खुर्चीच्या पाठीवर कौतुकाने हात फिरवायची, जेवायची, आणि काही आठवल्यासारखी उठून जायची. कुणी तक्रार केली नाही. एकाने तर मालकाला खुर्च्या कुठून आणल्या असं विचारलं. मॅडम घड्याळ हातात घेऊन अक्षरशः नाचायच्या बाकी होत्या.

"काका, कमाल केलीत! ही मापं काढलीत कुठून?"

"घरचीच आहेत," गुण्या म्हणाला.

मेहुण्याला त्याने स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. मेहुणा म्हणाला, "बरं झालं दाजी, तुमचं तोंड बघून माझ्या कामगारांनी काम टाकलं असतं." दोघंही हसले. पुढचे दोन महिने गुण्या शेडबाहेर फारसा दिसला नाही. चौसष्ट खुर्च्या वेळेवर गेल्या, आणि दुसऱ्या हॉटेलाच्या ऐंशींचं बोलणंही झालं. बायकोच्या खुर्चीसाठी त्याने लाकूड बाजूला काढून ठेवलं होतं. ऐंशींचं एकदा मार्गी लागलं की बघू, असं चाललं होतं.

नव्या खुर्च्या हॉटेलात मांडल्या त्या आठवड्यात मालकाने दोघांना जेवायला बोलावलं. बायको ठेवणीतले कपडे घालून आली. ट्रे घेतला, पट्टीवरून सरकवत निघाली. भात, नूडल, भाज्या, शेवटी सूप. "सूप शेवटी ठेवणाऱ्याला डोकं आहे," ती म्हणाली. खांबाशी जाऊन तिने काड्या बघितल्या आणि मुकाट्याने चमचा घेतला. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. बसण्यापूर्वी तिने बैठकीच्या कडेखालून हात फिरवला.

"ही तर आपलीच," ती म्हणाली. "हिला पॉलिश आहे एवढंच."

गुण्याचं जेवणात लक्ष कुठलं! तो माणसं मोजत होता. तो निळ्या शर्टवाला उठला, अठरा. त्या दोघी उठल्या, सतरा. ट्रे घेऊन कुणी ताटकळत नव्हतं, मालक गल्ल्यावर निवांत होता. सगळं घड्याळासारखं चाललेलं बघून त्याची छाती फुगली. वाडगा संपवून तोही उठला, आणि खुर्च्यांचे पाय डुगडुगतात का ते बघत टेबलांमधून हिंडू लागला.

ट्रेच्या मांडणीशी मॅडम उभ्या होत्या, हातात घड्याळ.

"काका, बाकी सगळ्या पास," त्या हळूच म्हणाल्या. "ती कोपऱ्यातली एक चुकलीय. मी येऊन पस्तीस मिनिटं झाली, त्या बाई जागच्या हलल्या नाहीत. मापात फरक राहिला असेल. तेवढी बदलून द्या."

गुण्याने वळून पाहिलं. त्याची बायको भिंतीवरचा बांबू बघत शांत बसली होती. बैठकीच्या अगदी टोकाशी, अंग जरा तिरकं, पाठ पट्टीपासून चार बोटं सुटी. पुढे घसरू नये म्हणून दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवलेले, डावा गुडघा बाहेर काढलेला. घरीही ती अशीच बसायची. तिची बसायची पद्धतच तशी आहे, असं तो एकतीस वर्षं समजत आला होता.

"मापात फरक नाही, मॅडम," तो म्हणाला. "ती माझी बायको आहे."

"अय्या, हो?" मॅडम हसल्या. "मग त्यांना आवडलेली दिसतेय खुर्ची."

  गुण्या कोपऱ्यात गेला आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"झालं बघून?" तिने विचारलं. "निघायचं?"

"बस जरा."

ती बसली. तो बसला. दहा मिनिटांनी कड मांडीत रुतायला लागली. पंधराव्या मिनिटाला पट्टी पाठीला लागली. त्याने पाठ सोडली, पाय फरशीवर रोवले, आणि मग आपण अगदी तिच्यासारखे बसलोय हे त्याच्या लक्षात आलं. आजूबाजूची माणसं उठून गेली, दुसरी येऊन बसली, तीही उठायला आली. त्याच्या मांड्या बधिर झाल्या होत्या आणि चेहऱ्यावर ते दिसत असावं, कारण तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही उठा हो," ती म्हणाली. "तुम्हाला सवय नाही."